दुकान झालेला वाडा आणि त्याचा हिशेब

(पिंगळी, जि. परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पिंगळीच्या जुन्या बारवेचे रक्षण व्हावे, याविषयी गावात दुमत असण्याचे कारण नाही. बारव कोणा एकाची नाही. तिच्या पायऱ्या विकता येत नाहीत आणि तिच्या दगडावर कर्जही मिळत नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील अनेक बारवा लोकांनी श्रमदानाने उपसल्या, स्वच्छ केल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु वारशाचा खरा कठीण प्रश्न बारवेपाशी नाही, तो बाजारपेठेतील वाड्यापाशी उभा आहे. वाडा खासगी असतो, त्याला मालक असतो, भाडेकरू असतो, आणि बहुधा त्याच्या दर्शनी भागात एक दुकान असते. त्याचे सौंदर्य सर्वांचे, पण त्याची दुरुस्ती मात्र कोणाचीच नाही, असा हा विचित्र व्यवहार आहे. आजच्या विवेचनाचा विषय तो व्यवहार हाच आहे.

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या पेठेत भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या वाड्यांची रांग एके काळी दिसे. दगडी जोते, रस्त्याकडे ओटा, दिंडी असलेला मोठा दरवाजा, त्याच्या आत ढेलज, मग चौक आणि चौकाभोवती सोपे. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्याच्याही वर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात ज्या मुलखात दुपारी घराबाहेर पडवत नाही, तेथे हे जाड भिंतींचे घर विजेशिवाय थंड राही, हा शिल्पज्ञानाचाच भाग होता. घराचे माप खणांत सांगत. पाच खणांचे, सात खणांचे. म्हणजे लाकडी सांगाडा हाच घराचा हिशेब होता.

आता त्याच रांगेचे काय झाले ते पाहावे. प्रथम ओटा जातो, कारण रस्ता रुंद होतो किंवा गिऱ्हाइकाला आत येणे सोपे व्हावे लागते. मग दर्शनी भिंत फोडून लोखंडी तुळईचा आधार देतात आणि शटर बसवतात. खांबांवरील कोरीव काम फलकाच्या मागे जाते. चौकावर पत्रा पडतो आणि चौकाचे गोदाम होते. माळवद गळू लागले की त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला जातो. शेवटी एका पावसाळ्यात मागची भिंत बसते आणि सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. तेथून ते एखाद्या महागड्या उपाहारगृहाच्या दालनात ‘परंपरा’ म्हणून उभे राहतात. ज्या गावाने तो खांब घडवला, त्या गावाला मात्र त्याचे दर्शनही उरत नाही.

हे पाहून हळहळणारे पुष्कळ आहेत. पण समाजवादी विचाराच्या माणसाने हळहळण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. हे वाडे कोणाचे होते? ते देशमुख-देशपांड्यांचे, सावकारांचे, आडत्यांचे होते. त्यांच्या भिंतींतील बळदे आणि अंगणाखालील पेवे ज्या धान्याने भरत, ते धान्य कुळांच्या खळ्यावरून येत असे. ढेलजेच्या आत कोणी यावे आणि कोणी उंबऱ्याबाहेर उभे राहावे, याचे नियम जातीने ठरवलेले होते. चौकाच्या शोभेची वर्णने वाचताना मागच्या सोप्यात, धुरात, आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांचा विसर पडतो. तेव्हा वाड्याचे रक्षण म्हणजे गतवैभवाचे गोडवे असेल, तर त्या कामी सार्वजनिक पैशातील एक पैही खर्च होऊ नये.

परंतु वाडा केवळ मालकाचा नसतो. तो ज्यांच्या हातांनी उभा केला त्या सुताराचा, पाथरवटाचा, गवंड्याचा, बेलदाराचाही असतो. या माणसांची नावे कोणत्याही सनदेत नाहीत. त्यांच्या बुद्धीचा आणि कौशल्याचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे त्यांनी रचलेला दगड आणि कोरलेले लाकूड. तो पुरावा नष्ट झाला तर इतिहासात मालक तेवढा उरेल, कारण त्याची कागदपत्रे सरकारदप्तरी सुरक्षित आहेत. वाड्याच्या रक्षणाचे समाजवादी कारण हे आहे, आणि ते पुरेसे आहे.

दुसरा गैरसमज दुकानाविषयीचा. वाड्याचा नाश दुकानाने केला, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः पेठेतील वाड्याला दुकान नवे नाही. दर्शनी सोप्यात पेढी आणि आत बिऱ्हाड, ही व्यापारी वाड्याची मूळचीच रचना होती. शिवाय वापर बदलला म्हणजे वास्तू मरते, हेही खरे नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. पेशवाई गेल्यानंतर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली; पुढे त्याच्या भागांत निरनिराळी सरकारी कामे आणि टपाल कचेरीही आली. वाडा राहिला, कारण तो वापरात राहिला. रिकाम्या वाड्याला वाळवी लागते. दुकान असलेल्या वाड्याचा निदान पुढचा भाग तरी झाडला जातो. दुकानाने वाड्याला विद्रूप केले हे मान्य करूनही, अनेक वाडे आज दुकानामुळेच उभे आहेत, हे नाकारता येत नाही.

मग वाडा मरतो कशाने? याचे उत्तर शोधण्यासाठी भाड्याच्या कायद्याकडे आणि जमिनीच्या किमतीकडे एकत्र पाहावे लागेल.

मुंबई इलाख्यात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. मराठवाड्यात निजामी राज्य संपल्यावर हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा आला आणि मराठवाडा महाराष्ट्रात आल्यानंतरही कित्येक वर्षे तोच चालू राहिला. युद्धोत्तर टंचाईच्या काळात या कायद्यांनी लाखो कुटुंबांना आणि लहान दुकानदारांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे त्यांचे ऋण विसरता कामा नये. पण महागाई चालू राहिली आणि भाडे थांबले. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात, गोठवलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असा निर्वाळा दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीलाही उघड मान्यता दिली.

चार टक्के चक्रवाढीने भाडे दुप्पट व्हायला सुमारे अठरा वर्षे लागतात. समजा, एका जुन्या दुकानाचे भाडे महिना शंभर रुपये होते. अठरा वर्षांनी ते दोनशे झाले. वर्षाचे उत्पन्न चोवीसशे. त्यात एका खणाचे माळवद उतरवून पुन्हा घालण्याची मजुरीही निघत नाही, सागाच्या तुळईचे तर नावच नको. मालक दुरुस्ती करीत नाही, कारण ती परवडत नाही. भाडेकरू करीत नाही, कारण घर त्याचे नाही. आणि त्याने केली तरी दुरुस्तीच्या खर्चापैकी फार थोडा भाग भाड्यातून वळता करून घेण्याची सोय कायद्यात आहे. त्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एका वाड्याला दहा-पंधरा वारस झालेले असतात. चौकातून भिंत जाते, आणि सामाईक छपराला सामाईक हात मात्र मिळत नाही.

एवढ्याने वाडा पडला असता तर तो दारिद्र्याचा बळी ठरला असता. पण या चित्राची दुसरी बाजू अशी, की वाड्याचे लाकूड-दगड कवडीमोल होत असताना त्याच्याखालची जमीन सोन्याची होत असते. रस्ता झाला, बसस्थानक आले, तालुक्याचा जिल्हा झाला, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. परभणीत हे २०११ मध्ये घडले. यातले काहीही मालकाने केलेले नसते, भाडेकरूनेही केलेले नसते. ते समाजाच्या पैशाने आणि समाजाच्या वर्दळीने घडते. जॉन स्टुअर्ट मिल याने अशा वाढीला अनर्जित वाढ मानले आणि तिच्यावर समाजाचा हक्क सांगितला. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात तोच विचार टोकाला नेला. त्यांचे सर्व निष्कर्ष स्वीकारण्याची गरज नाही. परंतु एवढे स्पष्ट आहे की ज्या दिवशी जमिनीची किंमत घराच्या किमतीच्या कैक पट होते, त्या दिवशी घर हे संपत्ती न राहता अडथळा बनते. मालक पडझडीची वाट पाहू लागतो, कारण वाडा पडला की भाडेकरूचा हक्क कमजोर होतो. भाडेकरू टेकू लावून बसून राहतो, कारण जागा सोडण्याची किंमत दरवर्षी वाढते. दोघेही आपापल्या परीने शहाणे असतात, आणि दोघांच्या शहाणपणाखाली वाडा गाडला जातो.

या दुष्टचक्राचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातील भिडे वाड्याचे आहे. बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर, रांगेतला एक वाडा होता. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या देशातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्या जागेइतके मानाचे स्थान दुसरे सांगणे कठीण. पुढे वाड्याचे मालक बदलले, दर्शनी भागात दुकाने झाली, वरचे मजले जीर्ण होऊन ढासळले. जिच्याबद्दल दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीदिनी, भाषणे होत, ती वास्तू पाटीशिवाय ओळखू येणार नाही अशा अवस्थेला पोहोचली. महापालिकेने तेथे स्मारक करण्याचे ठरवले. तेव्हा जागेशी संबंधित व्यापारी आणि भाडेकरू न्यायालयात गेले आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल महापालिकेच्या बाजूने दिला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि डिसेंबर २०२३ च्या आरंभी एका रात्रीत वाडा पाडण्यात आला. त्या जागी स्मारक व्हायचे ठरले आहे.

स्मारक व्हावे, याविषयी वाद नाही. परंतु जे घडले त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सावित्रीबाईंनी ज्या भिंतींच्या आत मुलींना अक्षरे शिकवली, त्या भिंतींची वेळीच थोडीथोडी दुरुस्ती झाली असती, तर आज स्मारकासाठी नव्या भिंती बांधाव्या लागल्या नसत्या. दुकानदारांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांनी आपल्या पोटापाण्याच्या जागेसाठी न्यायालयात जाणे यात अस्वाभाविक काहीच नव्हते. त्यांना शेजारीच पर्यायी जागा आणि वाड्याला दुरुस्ती, असा प्रस्ताव तीस-चाळीस वर्षांपूर्वी मांडला गेला असता, तर संघर्षाचे स्वरूप वेगळे झाले असते. समाजाने वारशाचा खर्च वेळेवर न उचलल्यामुळे तो अखेरीस खटले, विलंब आणि पाडकाम या रूपाने भरला.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. मलेशियातील पिनांग बेटावर जॉर्ज टाउन या शहरात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा रांगेतल्या घरांची संपूर्ण वस्ती आहे. तेथे १९६६ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली जुन्या घरांची भाडी अत्यल्प होती. घरे मोडकळीला आली, पण उभी राहिली, आणि त्यांत लोहार, विणकर, छोटे दुकानदार राहिले. १९९७ मध्ये कायदा रद्द करण्याचे ठरले आणि २००० च्या आरंभी नियंत्रण पूर्णपणे उठले. भाडी एकाएकी चढली, जुने भाडेकरू मोठ्या संख्येने बाहेर पडले. २००८ मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले, आणि कित्येक घरांची सुरेख दुरुस्ती होऊन तेथे पर्यटकांची हॉटेले व कॉफीगृहे आली. भिंती वाचल्या, माणसे गेली. बाजाराच्या हाती वारसा सोपवला की असेच होते.

याच्या उलट इटलीतील बोलोन्या शहराचे उदाहरण आहे. तेथील साम्यवादी नगरपालिकेने १९६९ मध्ये जुन्या शहराच्या संरक्षणाची योजना केली आणि १९७३ मध्ये सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा शहराबाहेर नव्या इमारतींवर न घालता जुन्या रांगेतील घरांच्या दुरुस्तीकडे वळवला. मुळात घरे सक्तीने संपादन करण्याचा विचार होता. मालकांचा विरोध झाल्यावर करारांचा मार्ग पत्करण्यात आला. नगरपालिकेने दुरुस्तीला साहाय्य द्यायचे आणि मालकाने त्या बदल्यात भाडे मर्यादेत ठेवून जुन्या रहिवाशांना परत घ्यायचे, असा तो व्यवहार होता. योजना जेवढी आखली तेवढी पार पडली नाही. तरीही घराबरोबर घरात राहणारा माणूसही वाचला पाहिजे, हे तत्त्व तिने जगापुढे ठेवले.

आपल्या राज्यातही या विचाराचे बीज आहे. मुंबईतील जुन्या चाळी पडू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकर बसवून १९,६४२ इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी सार्वजनिक मंडळाने घेतली. पुढे ते मंडळ म्हाडात विलीन झाले. त्याच्या कारभाराविषयी तक्रारी कितीही असोत, भाडे गोठवणाऱ्या शासनाने दुरुस्तीचा भार वाटून घेतला पाहिजे, हे न्यायाचे तत्त्व त्यात मान्य झाले. परंतु ही सोय मुंबई बेटापुरती राहिली. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथल्या पेठांच्या वाट्याला नियंत्रण आले, मंडळ मात्र आले नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यानंतर मराठवाड्यातील माणसाला माळवदाची भीती वाटू लागली, तर ते स्वाभाविकच होते. जुने घर जसेच्या तसे ठेवा, असा आग्रह धरणे म्हणजे राहणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. पण याच आपत्तीने आणखीही एक धडा दिला. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात, न पडलेल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठीही सरकारी साहाय्य दिले गेले. भिंतीतून आरपार दगड घालणे, माळवदावरचा मातीचा थर कमी करणे, लाकडी सांगाडा आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी बांधून घेणे, हे साधे उपाय आहेत आणि गावचा गवंडी-सुतार ते शिकू शकतो. म्हणजे खासगी घराच्या दुरुस्तीवर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही, हे म्हणणे महाराष्ट्रात तरी खोटे ठरलेले आहे.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट मोजणीची. घटनेच्या अनुच्छेद ४९ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पण पेठेतला वाडा राष्ट्रीय महत्त्वाचा कधीच ठरणार नाही. त्याची नोंद गावानेच केली पाहिजे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रे दिली जात आहेत. ज्या घरावर कर्ज मिळत नव्हते, त्यावर आता मिळेल. ज्या जागेला भाव नव्हता, तिला भाव येईल. मालकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण नकाशावर घराची बाजू मोजली जात असतानाच त्याचे वय, त्याचे लाकूड, त्याचा दगड यांचीही नोंद ग्रामपंचायतीने करून ठेवली, तर पुढच्या पिढीला निदान काय गेले हे तरी कळेल.

दुसरी गोष्ट पैशाची. ज्या पेठेत जमिनीचा भाव सार्वजनिक रस्त्यामुळे वाढतो, तेथील नव्या बांधकामाच्या विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच पेठेच्या दुरुस्ती निधीत गेला पाहिजे. मुंबईत वारसा इमारतींच्या मालकांना विकास हक्क दुसरीकडे विकण्याची सवलत मिळाली. पण जेथे जमिनीचा बाजार लहान आहे, तेथे त्या हक्काला गिऱ्हाईक मिळत नाही. जिल्ह्याच्या गावाला रोख निधीच लागेल. त्यातून मिळणारे साहाय्य मालकाला बिनशर्त देऊ नये. वाडा पाडायचा नाही, दर्शनी बाजू फलकाने झाकायची नाही, आणि चालू दुकानदाराला वाजवी भाड्याने राहू द्यायचे, या अटी त्याला जोडल्या पाहिजेत. दुकानदारानेही आपल्या वाट्याचा भाग उचलावा. आजच्या बाजारभावाशी काहीही संबंध नसलेल्या भाड्यावर हक्क सांगायचा आणि छपराकडे पाहायचे नाही, हे कष्टकऱ्याचे धोरण म्हणता येणार नाही. कित्येक ठिकाणी तर मूळ गरीब भाडेकरू केव्हाच गेला असून, पागडी देऊन आलेला धनिक व्यापारी त्याच्या नावाच्या संरक्षणाखाली बसलेला आहे. संरक्षण लहान दुकानदाराला हवे. मोठ्याने बाजारभावाने भाडे द्यावे.

तिसरी गोष्ट कारागिराची. माळवद घालणारे आणि जुन्या लाकडाचे सांधे जाणणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री आणि सांधाता यांच्याबरोबर जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीचाही अभ्यासक्रम असावा. दुरुस्ती हे श्रमप्रधान काम आहे. तिच्यातला मोठा वाटा सिमेंट-पोलादाच्या कारखानदाराकडे न जाता गावच्या मजुराकडे जातो. बेकारीने गांजलेल्या जिल्ह्यात केवळ एवढ्याच कारणासाठीही ती पसंत करावी.

वाडा ज्यांनी मालकीने भोगला त्यांची संपत्ती जपण्याचे ऋण समाजावर नाही. पण तो ज्यांनी घडवला, त्यांच्या कारागिरीचे ऋण समाजावर आहे. आणि आज त्याच्या दर्शनी सोप्यात ज्याचे पोट चालते, त्याच्या उपजीविकेचेही आहे. ही दोन्ही ऋणे एकाच निधीतून फेडता येतील, कारण तो निधी समाजानेच निर्माण केलेल्या जमिनीच्या किमतीत आधीच जमा झालेला आहे. प्रश्न तो वसूल करण्याच्या इच्छेचा आहे. ती इच्छा ग्रामसभेत आणि नगरपालिकेत निर्माण करणे हे राजकीय काम आहे, आणि ते वाड्यांच्या चाहत्यांपेक्षा दुकानदार, कारागीर आणि मजूर यांच्या संघटनांनी हाती घेतले, तरच पार पडेल.